सहलीचें पातेलें कोणी वाहावयाचें?

पावसाळा ओसरला, सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, कीं आपल्या शाळेंत एकाच विषयाची कुजबुज सुरू होते. यंदा सहल कोठें जाणार? कोणी कपिलधारचें नांव घेतो, कोणी सौताड्याच्या धबधब्याचें, कोणी धारूरच्या किल्ल्याचें. मोटार कोणती, खर्च किती, बरोबर शिक्षक कोण, या सर्वांची वाटाघाट होते. परंतु अन्न शिजविण्यासाठीं भांडीं कोणतीं न्यावयाचीं, हा प्रश्न कोणीच विचारीत नाहीं. आयत्या वेळीं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत जें हाताशीं येईल तें उचलावयाचें, अशी आपली रीत आहे. हा प्रश्न क्षुल्लक आहे असें मलाही पुष्कळ वर्षें वाटत असे. आतां तसें वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं हें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लहानसा लेख लिहीत आहें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. एकोणचाळीस मुलें व आम्ही तीन शिक्षक, मिळून बेचाळीस जण, मांजरसुंब्यास मोटारींतून उतरून कपिलधारकडे पायीं निघालों. बरोबर वसतिगृहाचें मोठें पितळी पातेलें घेतलें होतें. नुकतीच कल्हई केलेली असल्यामुळें तें आंतून चांदीसारखें चकाकत होतें, आणि तें पाहून आम्हांस मोठा अभिमान वाटत होता. काठीस बांधून दोघांनीं तें खांद्यावर घ्यावें व वाटेंत आळीपाळीनें इतरांनीं हात द्यावा, असें मीं निघतांना सांगितलें, आणि मग तें विसरूनही गेलों. धबधब्यापाशीं पोहोंचल्यावर पाहतों, तों आरंभीं ज्या दोघांनीं पातेलें उचललें होतें तेच दोघे तें खालीं ठेवीत होते. "वाटेंत कोणी घेतलें नाहीं काय रे?" असें मीं विचारलें. त्यांतला धाकटा हंसून म्हणाला, "राहूं द्या सर, आम्हांला सवय आहे."

दोघेही ऊसतोड कामगारांचे मुलगे होते. वाचकांस ठाऊकच आहे कीं, आपल्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे जातात, आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. नवराबायकोच्या जोडीस तेथें एक 'कोयता' म्हणतात. उसाच्या फडाजवळ कोपी घालून ती जोडी सारा हंगाम काढते. ज्यांना ओझ्याची सवय त्यांनींच सहलीचेंही ओझें वाहावें, असा न्याय आम्हीं शिक्षकांनीं त्या दिवशीं नकळत केला होता. खिचडी सर्वांनीं सारखी खाल्ली. पातेलें मात्र सर्वांनीं सारखें वाहिलें नव्हतें. गांवीं परतल्यावर मीं तें पातेलें झांकणासह वाण्याच्या तराजूंत घातलें. तें साडेनऊ किलो भरलें.

परतीच्या वाटेवर मीं स्वतः एक बाजू खांद्यावर घेतली. तेव्हां त्या धाकट्या मुलानें मला बोलतां बोलतां एक गोष्ट सांगितली. त्याची आई हंगामास निघतांना पितळेचें एकही भांडें बरोबर घेत नाहीं. दोन जर्मनचीं पातेलीं, एकांत एक बसणारीं, त्यांवर झांकण म्हणून बसेल अशी परात, आंतल्या पातेल्यांत तिखटमिठाचे डबे, आणि तवा. एवढेंच तिचें स्वयंपाकघर. "माय म्हणती, जे डोक्यावर घेऊन आपल्यालाच चालता येत नाही, ते भांडं बिऱ्हाडात घ्यायचं न्हाई," असें तो म्हणाला. इतकें शिकलेल्या माझ्यासारख्या माणसास जें सुचलें नाहीं, तें त्या माउलीस रोजच्या अनुभवानें ठाऊक होतें. या लेखांत मी जें म्हणणार आहें त्याचें मूळ त्या एका वाक्यांत आहे.

माझें म्हणणें असें आहे. सहलीसाठीं भांडें निवडतांना, "यांत किती जणांचें शिजेल?" हा प्रश्न आपण पहिला विचारतों. तो दुसरा असावा. पहिला प्रश्न, "हें कोण वाहणार?" असा असला पाहिजे. जो जेवणार त्यानेंच वाहावयाचें, हें एकदां ठरलें, कीं भांड्याचा आकार, धातु व घडण हीं सर्व आपोआप ठरत जातात.

प्रथम आकार पाहूं. सहा जणांची एक तुकडी धरावी. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ मध्यें इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर बालवीरांची जी पहिली छावणी भरविली, तींत मुलांच्या लहान लहान तुकड्याच केल्या होत्या. आणि लहान तुकडींत कोणास लपतां येत नाहीं, हा त्या योजनेचा मोठा गुण आहे. माणशीं शंभर ग्रॅम डाळतांदूळ धरले तर सहा जणांस सहाशें ग्रॅम लागतील. त्यास चौपट पाणी म्हणजे सुमारें अडीच लिटर. उतूं न जातां हें शिजण्यास चार लिटरांचें भांडें पुरे होतें. वीस सेंटिमीटर व्यासाचें व तेरा सेंटिमीटर उंचीचें सरळ बाजूंचें पातेलें घेतलें तर त्यांत चार लिटर पाणी मावतें.

आतां धातु. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. अशा पातेल्याच्या तळाचें क्षेत्रफळ ३१४ व बाजूचें ८१७, मिळून ११३१ चौरस सेंटिमीटर होतें. पत्रा दीड मिलिमीटर जाडीचा धरला तर धातूचें घनफळ सुमारें १७० घन सेंटिमीटर भरतें. ॲल्युमिनियमचें वजन घन सेंटिमीटरास २.७ ग्रॅम; म्हणून पातेलें सुमारें ४६० ग्रॅमचें होईल. पितळेचें वजन सुमारें ८.५ ग्रॅम, म्हणून तेंच पातेलें १४४० ग्रॅमचें होईल. स्टेनलेस स्टीलचें वजन सुमारें ७.९ ग्रॅम आहे, पण तें मजबूत असल्यामुळें पत्रा निम्म्या जाडीचा चालतो. तरीही पातेलें ६७० ग्रॅमच्या आसपास जातें. अलीकडे डोंगर चढणारे हौशी लोक टायटॅनियमचीं भांडीं वापरतात. त्या धातूचें वजन ४.५ ग्रॅम असून पत्रा अर्ध्या मिलिमीटराचा चालतो, त्यामुळें आपलें पातेलें अडीचशें ग्रॅमचेंच होईल. परंतु तीं भांडीं फार महाग असतात, आणि त्यांत एक दोष आहे, तो पुढें सांगतों.

हलकेपणा हा एकच गुण पाहून भागत नाहीं. भांड्याच्या अंगीं उष्णता सर्वत्र पसरविण्याची शक्ति असावी लागते. या बाबतींत तांबें श्रेष्ठ, त्याच्या खालोखाल ॲल्युमिनियम, नंतर पितळ. स्टेनलेस स्टील व टायटॅनियम हे दोन्ही धातु यांत फार मागें आहेत. ॲल्युमिनियमची उष्णता वाहण्याची शक्ति त्यांच्या दहापटींहून अधिक आहे. म्हणूनच पातळ स्टीलच्या भांड्यांत जाळ जेथें लागतो तेथेंच भात करपतो आणि कडेस कच्चा राहतो. टायटॅनियमचें भांडें चहाचें पाणी उकळण्यास उत्तम, पण खिचडीस तें बेताचेंच. वजन, उष्णता व किंमत या तिन्ही दृष्टींनीं आपल्यासारख्या शाळेस ॲल्युमिनियमच योग्य, असें माझें मत झालें आहे.

या धातूचा इतिहासही मनोरंजक आहे. एकेकाळीं तो मौल्यवान धातूंत मोडत असे. १८८६ मध्यें अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोन तरुणांनीं, एकमेकांची कांहीं माहिती नसतांना, विजेच्या साह्यानें तो काढण्याची एकच रीत शोधून काढली, आणि मग तो झपाट्यानें स्वस्त झाला. आपल्या देशांत १८९८ च्या सुमारास मद्रास येथील कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं त्याचीं भांडीं घडविण्यास आरंभ केला. आपल्याकडे त्यास 'जर्मन' म्हणतात; भांडें घडलेलें कोठेंही असो, बाजारांत तें 'जर्मनचें पातेलें'च असतें. श्रीमंतांच्या घरीं पितळ व गरिबांच्या घरीं जर्मन, असा भेद आपल्या समाजांत फार दिवस चालला, आणि त्यामुळें या धातूकडे पाहून नाक मुरडण्याची खोड अजून पुरती गेलेली नाहीं. आमच्या सहलीस पितळी पातेलें निघालें, त्यांतही या खोडीचा थोडा अंश होता, हें मी कबूल करितों.

जर्मनचे दोषही सांगितले पाहिजेत. आंबट पदार्थ त्यास सोसत नाहींत. चिंचेची आमटी किंवा ताकाची कढी त्यांत करूं नये, आणि कोणतेंही शिजलेलें अन्न रात्रभर त्यांत ठेवूं नये. पितळेचेंही तसेंच आहे. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ताक कळकतें हें आपल्या आजीबाईंस पुस्तकावांचून माहीत होतें. शिवाय कल्हईचें कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें, त्यामुळें रिकामें पातेलें जाळावर राहिलें कीं कल्हई गेलीच. जर्मनचें भांडें घेतांना तें पत्र्याचें घडविलेलें घ्यावें. भंगार वितळवून ओतलेलीं भांडीं स्वस्त मिळतात, परंतु त्यांत शिसें मिसळलेलें असण्याचा धोका असतो, आणि शिसें लहान मुलांस विषासमान आहे.

घडणीविषयीं थोडेंसें. झांकण घट्ट बसणारें हवें. त्याची मूठ प्लास्टिकची असल्यास ती काढून टाकावी. बाजूस लांब दांडा नसावा, तो पिशवींत मावत नाहीं. आपल्या घराघरांतून दूध आणावयास कडीचा डबा असतो. ऑस्ट्रेलियाच्या रानांत फिरणारे लोक चहासाठीं 'बिली' नांवाचें जें भांडें बाळगतात, तें म्हणजे हुबेहूब आपला कडीचा डबाच होय. कडी असली कीं सांडशीचें काम नाहीं; झांकण ताटलीसारखें वापरतां येतें; आणि वाटेंत डब्याच्या पोटांत डाळतांदूळ भरून नेतां येतात. रिकामें भांडें पाठीवर नेणें हा वेडेपणा आहे. चुलीवर ठेवण्यापूर्वीं बुडास बाहेरून माती व राख यांचा ओला लेप द्यावा, म्हणजे काजळी धुण्यास सोपी जाते.

तवा मात्र नेऊं नये. तो लोखंडी असतो व जड असतो. ऊसतोडीस जाणाऱ्या आईस तो न्यावाच लागतो, कारण तिला सहा महिने रोज भाकरी थापावयाची असते. आपणांस एक दिवसाचें काम. ज्वारीच्या भाकरी व शेंगदाण्याची चटणी घरून बांधून न्यावी, आणि तेथें एकच पदार्थ शिजवावा. काय शिजवावयाचें हें आधीं ठरविल्यानें जितकें ओझें कमी होतें, तितकें महागडा धातु आणल्यानेंही होत नाहीं.

आतां हिशेब पाहा. बेचाळीस जणांच्या सात तुकड्या. झांकणासह प्रत्येक पातेलें सुमारें साडेपांचशें ग्रॅमचें. सातांचें मिळून वजन चार किलोंच्या आंत. पितळी पातेल्याच्या साडेनऊ किलोंच्या निम्म्याहूनही तें कमी झालें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, तें दोघांच्या खांद्यावर न राहतां सात पिशव्यांत विभागलें गेलें.

या सूचनेवर आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनीं जो आक्षेप घेतला, तो येथें प्रामाणिकपणें दिला पाहिजे, कारण तो विचार करण्याजोगा आहे. ते म्हणाले, "एक पातेलें म्हणजे एक पंगत. या जिल्ह्यांत एकेकाळीं सर्व जातींच्या मुलांनीं एका भांड्यांतलें खाणें हेंच मोठें धाडस होतें. तुम्ही सात पातेलीं केलींत, कीं सात चुली होतील. सात चुलींभोंवतीं सात टोळकीं होतील. आणि मित्र मित्र, गांववाले गांववाले, पैसेवाले पैसेवाले एकत्र बसतील. जें जोडावयास पन्नास वर्षें लागलीं तें तुम्ही पांचशें ग्रॅमसाठीं मोडणार काय?"

हें ऐकून मी कांहीं दिवस गप्प बसलों. त्यांचें भय खोटें नाहीं. परंतु मला वाटतें कीं, एका पातेल्यानें जी समता आपण साधली ती ताटापुरतीच होती. खांद्यापर्यंत ती पोहोंचलीच नाहीं. पातेलें एक असल्यामुळें तें कोणाचेंच नव्हतें, आणि जें कोणाचेंच नसतें तें शेवटीं ज्यास सवय आहे त्याच्या माथीं येतें. म्हणून दोन्ही गोष्टी साधाव्या. तुकड्या मुलांच्या पसंतीनें न करतां चिठ्ठ्या टाकून कराव्या, आणि शिक्षकांच्याही चिठ्ठ्या त्यांतच असाव्या. दर अर्ध्या तासानें शिटी वाजवावी व पातेलें पुढच्याच्या पिशवींत जावें. अन्न शिजल्यावर सातही पातेलीं एकत्र आणून एकच पंगत मांडावी, आणि ज्यानें त्यानें वाटेल त्या पातेल्यांतून वाढून घ्यावें. पंगत एक आणि ओझेंही सर्वांचें, असें झालें म्हणजे आमच्या सहकाऱ्यांचा हेतु पुराच होईल.

दुसरा आक्षेप जळणाचा. सात चुलींस एका चुलीपेक्षां अधिक सरपण लागतें, हें खरें आहे. पण त्यास उपाय आहेत. तुरीच्या डाळीऐवजीं सालीविना मुगाची डाळ घ्यावी, ती लवकर शिजते. सकाळीं निघतांना ती भिजवून ओल्या फडक्यांत बांधावी. झांकण उगाच उघडूं नये. खिचडी तीन हिस्से शिजली कीं पातेलें उतरवून घोंगडींत घट्ट गुंडाळावें. उरलेलें शिजणें आंतल्या उष्णतेनेंच होतें. उंच डोंगरावर झांकणाचें महत्त्व अधिकच. दर तीनशें मीटर उंचीस पाणी उकळण्याचें तापमान सुमारें एक अंशानें उतरतें. कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे १६४६ मीटरांवर, पाणी ९५ अंशांच्याही आंतच उकळूं लागतें, आणि डाळ शिजण्यास वेळ लागतो. जेथें वनखात्याची मनाई असेल, जसें नायगांवच्या मयूर अभयारण्यासारख्या ठिकाणीं, तेथें चूल मुळींच पेटवूं नये. तेथें भाकरी-चटणीवर भागवावें. सर्वांत हलकें भांडें म्हणजे न नेलेलें भांडें.

गेल्या वर्षीं बारा जणांस घेऊन आम्ही सौताड्यास गेलों, तेव्हां दोन पातेलीं नेऊन हा प्रयोग करून पाहिला. एका तुकडीची खिचडी बुडास लागली, हें लपवीत नाहीं. दुसरें असें घडलें कीं, ज्याच्या घरीं पाण्याचा तांब्याही नोकर आणून देतो असा एक विद्यार्थी शिटी वाजल्यावर थोडा घुटमळला, आणि मग त्यानें पातेलें आपल्या पिशवींत घातलें. पुढल्या शिटीस तें दुसऱ्यास देतांना तो म्हणाला, "नीट धर, आपलं जेवण आहे." मला वाटतें, त्या दिवसाच्या सहलीचा खर्च तेवढ्या वाक्यांत भरून निघाला.

यंदा धारूरच्या किल्ल्यावर जाण्याचा विचार चालला आहे. किश्वरखान या आदिलशाही सरदारानें १५६७ मध्यें बांधविलेल्या त्या किल्ल्याचे बुरूज व तट पाहण्याजोगे आहेत. माझी शाळेच्या चालकांस नम्र विनंति आहे कीं, त्यापूर्वीं ॲल्युमिनियमचीं सात पातेलीं अथवा कडीचे डबे घ्यावेत. पितळी पातेलें विकूं नये. स्नेहसंमेलनाच्या जेवणास तें शोभेल, आणि तेथें तें कोणास खांद्यावर वाहावें लागत नाहीं.

तो धाकटा मुलगा दहावी होऊन केव्हांच पुढें गेला. त्याची आई अजून हंगामास जाते असें कळतें. तिच्या बिऱ्हाडांतील दोन पातेल्यांनीं आम्हां शिक्षकांस जो धडा दिला, तो विद्यार्थ्यांनींही घ्यावा. पुढें तुम्ही मोठे व्हाल, घरें मांडाल, कोणी अधिकारी व्हाल. त्या वेळीं नवी वस्तु घेतांना तिची किंमत विचारालच. तिचें ओझें कोण वाहणार, हेंही विचारीत जा. असो.